चौसष्ट खुर्च्या

४ फेब्रुवारी, सकाळ

थोरल्या,

आधी वाच, मग फाड. याआधीची तीन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. ती माझ्या कपाटात नीट आहेत. या वेळी पत्त्यावरचं अक्षर तुझ्या भाचीचं आहे, म्हणजे फसून का होईना, उघडशील. तर उघडलंस. आता बस.

भाचीला तू पाहिलेलं नाहीस. धाकटीची मुलगी, घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण बूड टेकवून बसत नाही. फक्त त्या काँप्युटरपुढे बसते, ती मात्र चिकटवल्यासारखी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज माझ्या घरापासून जवळ, म्हणून माझ्याकडे राहते. माझी चैन झालीय रे. सकाळी उठल्यावर बोलायला माणूस आहे. ती ऐकत नाही, पण मी बोलते.

तिने काय केलंय सांगू? ती स्लॅब पाडते. घाबरू नकोस, काँप्युटरमध्येच पाडते. स्लॅबची लांबी-रुंदी, जाडी, लोखंड किती आणि कुठे, सगळं भरायचं. मग ते यंत्र त्यावर वजन ठेवत जातं, ठेवत जातं, आणि पडद्यावर स्लॅबच्या अंगावर तांबड्या रेघा उमटतात. रेघा एकमेकींना भेटल्या की स्लॅब गेला.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी भाजी निवडत होते.

"आजी, हा बघ, पडला."

"पाडलास कशाला? चांगला होता की."

"पाडून बघितल्याशिवाय किती पेलेल ते कसं कळणार?"

"आमच्या वेळी पडल्यावरच कळायचं," मी म्हटलं, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. तिचं लक्ष नव्हतं. ती तोवर दुसरा पाडायला लागली होती.

मला बाई कौतुक वाटतं. तीन इयत्ता शिकलेली मी, घमेली वाहिली आयुष्यभर, आणि माझी नात स्लॅबच्या पोटातलं ओळखते. तिने मला समजावलंसुद्धा. दोन पद्धती आहेत म्हणे. पहिली पद्धत स्लॅब हजार तऱ्हांनी मोडून बघते, आणि ज्या तऱ्हेने तो सगळ्यात सहज मोडेल त्या तऱ्हेचा आकडा धरते. दुसरी पद्धत तो सांभाळून बघते, की वजन असं वाटून दिलं, तसं वाटून दिलं, तर कुठवर तग धरेल. मोडणारीचा आकडा खऱ्याहून जास्त येतो, सांभाळणारीचा कमी. खरं दोन्हींच्या मधे असतं. मी म्हटलं, हे तर घरासारखंच झालं. ती म्हणाली, "आजी, हे मी माझ्या प्रोजेक्टच्या पुस्तकात घालू का?" चेष्टा करते माझी.

आता कामाचं. त्या तांबड्या रेघा कशा दिसतात ठाऊक आहे? चार कोपऱ्यांतून चार तिरक्या निघतात आणि मधे एका आडव्या रेघेला मिळतात. पाकिटाची मागची बाजू असते ना, तशा. तुझे बाबा शेवटची कितीतरी वर्षं खिळ्याने जमिनीवर हीच रेघ ओढत बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागलाय. पडद्यावर पाहिलं आणि हातातली शेंग हातातच राहिली.

तू गेलास तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी घेऊन गेलास. त्यात कागदाच्या गोदामाच्या स्लॅबचा नकाशा आहे. तो पाठव. भिंगरी तो काँप्युटरमध्ये भरेल. तो स्लॅब तुझ्या बाबांच्या हातून वाईट बांधला गेला असं तू छत्तीस वर्षं धरून चाललायस. त्यांच्या मयतीलाही आला नाहीस. यंत्राला तरी विचारू दे. ते माझ्यासारखं आई नाही आणि तुझ्यासारखं मुलगा नाही.

पाठवशील ना?

— आई

२६ फेब्रुवारी

थोरल्या,

नकाशा पोचला. सोबत अक्षर एक नाही, पण दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, कडा मुडपू नयेत असा पाठवलास. मी पुठ्ठेही ठेवलेत.

जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. भिंगरी हरखली. तुझ्या बाबांचं हस्ताक्षर तिने कधी पाहिलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. आजोबा लोखंड बांधायचे. स्लॅबला दोन जाळ्या असतात, एक खालच्या अंगाला, आणि भिंतीलगत एक वरच्या अंगाला. वरची जाळी वरच राहावी म्हणून तिच्याखाली सळीचे वाकवलेले ठोकळे ठेवतात, त्यांना खुर्च्या म्हणतात. वरची जाळी वर नसली तर भिंतीजवळ स्लॅबला धरून ठेवणारं काही उरत नाही. हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक, पण तिने ऐकून घेतलं. आजीला शिकवू देते ती, गुणाची आहे.

मग तिलाच दिसलं. "आजी, या टिकल्या कसल्या?"

भिंतीच्या कडेने शिसपेनीच्या बारीक खुणा. एकेक खुर्ची ठेवली की तुझे बाबा कानावरची पेन्सिल काढून खूण करायचे. आम्ही दोघींनी वेगवेगळ्या मोजल्या. मी चौसष्ट. ती त्रेसष्ट. पुन्हा मोजल्या. चौसष्ट. एक वाटीखाली होती, मोजताना मी वाटी सरकवली होती, तिने नाही.

थोरल्या, गोदाम पडल्यावरच्या चौकशीत त्यांनी काय सांगितलं होतं आठवतं? "मी खुर्च्या घातल्याच नाहीत." सगळ्यांसमोर. तू दाराशी उभा होतास. घरी आल्यावर तू त्यांना म्हणालास, "चौसष्ट खुर्च्या वाकवायचा कंटाळा केलात, आणि स्लॅबखाली ती गेली." तू पेटी उचललीस. त्यानंतर त्यांना कुणी लोखंड बांधायला बोलावलं नाही. लाकडाच्या वखारीत जुने खिळे उपटून सरळ करत त्यांनी आयुष्य काढलं.

आणि खुर्च्या होत्या. आपल्या डोळ्यांनी मोज, म्हणून भिंगरीने नकाशाचा फोटो काढून छापून दिलाय, तो सोबत ठेवते.

आता यंत्राचं ऐक. तिने सगळं भरलं. वजन किलोत नको, मला कळेल असं सांग म्हटलं, तर तिने कागदाच्या गठ्ठ्यांचे थर धरले. मोडणारी पद्धत म्हणाली, साडेएकोणीस थरांना पडेल. सांभाळणारी म्हणाली, अठरापर्यंत काही होणार नाही. त्या दिवशी वर किती थर होते? अकरा. म्हणजे नकाशाप्रमाणे तो स्लॅब त्या दिवशी पडायलाच नको होता.

भिंगरी खुर्ची मागे ढकलून म्हणाली, "आजोबांची काही चूक नव्हती." मी इतकी हसले, इतकी हसले, की शेजारीण डोकावली. तिला म्हटलं, बाई, आमचे हे पास झाले.

हे आनंदाचं पत्र आहे. ते तसं का बोलले ते आता त्यांचं त्यांनाच ठाऊक, गेलेल्या माणसाला काय विचारायचं. साहेबांना घाबरले असतील.

भिंगरी मात्र पडद्याकडे बघत होती. "मग आजी, पडला कसा?"

मी म्हटलं, चहा टाकते.

बाकी ठीक. गुडघा दुखतो, पण तो माझाच आहे. धाकटी तुझी आठवण काढते असं लिहिणार होते, पण ती काढत नाही. तू गेलास तेव्हा ती आठ वर्षांची होती, तिला तुझी फक्त सायकल आठवते.

— आई

१५ मार्च, दुपार

थोरल्या,

तुझं कार्ड आलं. छत्तीस वर्षांत पहिलं. एक ओळ: "खुर्च्या होत्या, तर लोखंड खाली गेलं कसं?"

तुझा ल अजून तसाच, शेपूट खालच्या ओळीत. मास्तर किती मारायचे त्यावरून.

पत्र सुरू करून दोनदा उठले. आधी दूध बघितलं. मग कपाट आवरलं, त्यात काही आवरायचं नव्हतं. आमची खोली तू पाहिली नाहीस. लहानच आहे. एक खिडकी, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, दिवसभर टणटण. तुझे बाबा या खोलीत कधी मधून चालले नाहीत. दारातून आले की भिंतीला धरून कोपऱ्यात, कोपऱ्यातून खाटेवर. जेवायलासुद्धा भिंतीला टेकूनच. धाकटी लहानपणी त्यांच्या मागे तशीच फिरायची, तिला तो खेळ वाटायचा. ते गेल्यावर एक दिवस माझ्या लक्षात आलं, मीही भिंतीकडूनच जाते. भिंगरी म्हणते, "आजी, तू कडेकडेने काय चालतेस, मांजरासारखी?"

कोणाच्याही घरी गेले तरी मी आधी वर बघते. लोकांना वाटतं, म्हातारी पंखा बघते. मला चुन्यातून रेघा दिसतात. नसतात. पण दिसतात.

उद्या लिहिते पुढचं.

१६ मार्च, तेच पत्र पुढे

मागच्या पत्रात मी लिहिलं की ते तसं का बोलले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ते खोटं. मला ठाऊक आहे.

स्लॅब भरायच्या दिवशी मी तिथे होते. बायकांची रांग माझ्या हाताखाली होती, अकरा जणी. धाकटी पोटात, सहावा महिना. तू तेव्हा चौदा वर्षांचा, शाळेत. लोखंडावर पाय पडू नये म्हणून त्यावर फळ्या टाकायच्या आणि फळ्यांवरून घमेली न्यायची, असा तुझ्या बाबांचा कडक नियम. इतर मिस्त्री त्यांना हसायचे. पण फळी डुगडुगते रे. डोक्यावर भरलेलं घमेलं आणि पायाखाली डुगडुग. शिवाय माल पुढे सरकला की फळ्या उचलून पुढे न्यायच्या. एक जण घसरली, घमेलं तिच्या पायावर पडलं. खाली मिक्सरवाला बोंबलत होता की माल घट्ट होतोय, लवकर उचला. आणि तुझे बाबा स्लॅबच्या खाली, एक टेकू सैल झाला होता तो ठोकत.

मी म्हटलं, "काढा गं त्या फळ्या. लोखंडावरून चाला."

मीच म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

पाय टाकले की वरची जाळी दबते, खालची खुर्ची फाकते. आवाज होत नाही. गुडघ्याला कळतं तेवढंच, एक पायरी अपेक्षेपेक्षा खाली असावी तसं. मला कळत होतं. अकरा जणी, दुपारभर.

ते वर आले तेव्हा दोन बाजू भरून झाल्या होत्या. त्यांनी पाहिलं. कुणावर ओरडले नाहीत, वाकडा लोखंडी आकडा मागितला, ओल्या मालातून जाळी वर ओढून घ्यायला. त्याला वेळ लागला असता, मिक्सर थांबला असता. मी कमरेवर हात ठेवून उभी होते, दमले होते. म्हटलं, "राहू दे आता. एवढ्याने काय होतंय?"

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. म्हणाले, "तू सावलीत जाऊन बस." आणि आकडा खाली ठेवला. आयुष्यात एकदा त्यांनी कामात माझं ऐकलं.

आणि काही झालं नाही. आठ वर्षं काही झालं नाही. धाकटी झाली, ती चालायला लागल्यावर मी त्याच गोदामाच्या खाली पाकिटांच्या घड्या घालायला लागले. वर कागद, खाली आम्ही बायका. मी त्या स्लॅबखाली रोज आठ तास बसायचे आणि मला आठवायचंसुद्धा नाही. लोक विचारतील, भीती नाही वाटली? मी विसरले होते रे. ते अजून वाईट.

माझ्या शेजारी ती बसायची. लांब वेणीची. तुझं काय चाललंय मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मी सकाळी डबा घेऊन जायचे, आणि तू दुपारी दुसरा डबा घेऊन यायचास, "आई, विसरलीस." त्या वर्षी मी दोन-दोन डबे खाल्ले, अंग धरलं. एकदा ती म्हणाली, "काकू, तुमच्या घरी डबे किती आहेत?" आणि स्वतःच लाल झाली. पाकिटाची घडी मला तिनेच शिकवली. आम्ही सगळ्या चार पाकळ्या चार वेळा दाबायचो, ती घडी दाबायची हाडाची पट्टी एकदाच फिरवायची, कोपऱ्यातून निघून कोपऱ्यात. तिची पाकिटं वेगळी ओळखू यायची.

त्या दिवशी वर अकरावा थर चढवत होते. आम्ही चहाला बाहेर आलो. तिचा शंभराचा गठ्ठा पुरा व्हायला चार पाकिटं कमी होती. म्हणाली, "काकू, व्हा पुढे, आलेच."

माझ्या हातात कप होता.

चौकशीत साहेबांनी मलब्यातलं लोखंड दाखवलं. कडेची वरची जाळी तळाशी जाऊन बसलेली. विचारलं, हे खाली कसं? आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो होतो. मी उठणार होते. तुला वाटत असेल आता म्हणते, पण उठणार होते. बाकाखाली त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. आणि स्वतः म्हणाले, "मी खुर्च्या घातल्याच नाहीत." मलब्यात चपट्या झालेल्या खुर्च्या होत्याच की. पण कबुली मिळाल्यावर कोण उकरत बसतं?

घरी आल्यावर मी म्हटलं, हे काय केलंत? म्हणाले, "आकडा मीच खाली ठेवला. मिस्त्री मी होतो. धाकटी आठ वर्षांची आहे." बस. पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही. तू त्यांना बोललास तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. तेव्हा सांगितलं असतं तर तू गेला नसतास, किंवा माझ्यामुळे गेला असतास. मी गप्प राहिले आणि तू त्यांच्यामुळे गेलास. मुलगा बापावर रुसला की कधीतरी येतो, असं मला वाटलं. आईवर रुसला तर परत कुणाकडे येणार? हा माझा हिशेब होता.

परवा भिंगरीने पुन्हा विचारलं, "आजी, पडला कसा?" मी चहा टाकला नाही.

सांगून झाल्यावर तिने खुर्ची पडद्याकडे ओढली. मग म्हणाली, "लोखंड किती खाली गेलं असेल?" मी बोटं धरून दाखवली. तिने पट्टी लावून मोजली, माझी बोटं. आधी दोन बोटं खाली, असं भरलं. यंत्र म्हणालं, पंधरा थर. तीन बोटं. साडेबारा. मग चार. चार तिरक्या रेघा कोपऱ्यांतून निघाल्या, सावकाश, आणि मधे मिळाल्या. मोडणारी पद्धत म्हणाली अकराला थोडं कमी. सांभाळणारी म्हणाली दहा.

खरं दोन्हींच्या मधे. अकराव्या थराला.

भिंगरी तिच्या पुस्तकात हा स्लॅब घालणार आहे. मी सांगितलंय, नुसतं आजोबांची चूक नव्हती असं लिहू नकोस, सगळं लिही: खुर्च्या चौसष्ट, जागेवर. फळ्या काढल्या, काढायला सांगणारी रांगेची पुढारीण. ती म्हणाली, "आजी, नाव नको घालायला." मी म्हटलं, घाल. आजोबांचं नाव छत्तीस वर्षं चाललं, आता माझं चालू दे. तीस तारखेला पुस्तक कॉलेजच्या साहेबांपुढे जाईल.

तुझ्या बाबांवरचा राग आता काढून घे. तो त्यांचा नव्हता. माझ्यावर धर, मी अजून आहे, धरायला सोपी आहे.

क्षमा मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते दोघंही गेले.

— आई

९ एप्रिल

थोरल्या,

भिंगरी पास झाली. साहेब म्हणाले, शेवटचं प्रकरण कुठून मिळालं? ती म्हणाली, घरून. मी पेढे वाटतात तसं काहीबाही वाटत सुटले, सायकलवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, आजी, नेमकं झालं काय? मी म्हटलं, स्लॅब पाडायची परीक्षा होती, नात पहिली आली.

काल तुझं पाकीट आलं.

आत काही नव्हतं. भिंगरीने उलटं करून झटकलं, उजेडात धरलं, पोस्टावर रागावली. "पत्र पडलं असेल वाटेत, आजी, आपण तक्रार करू." मी म्हटलं, दे इकडे.

विकतचं नव्हतं ते. जाड कागद कापून हाताने केलेलं. मागची बाजू बघितली. चार कोपऱ्यांतून चार घड्या, प्रत्येक एकाच दाबाने, कोपऱ्यातून निघून कोपऱ्यात. पन्नास पाकिटांत मी ती घडी ओळखीन.

तुलाही शिकवली होती म्हणजे तिने. कधी? डबे द्यायला यायचास तेव्हाच ना. आणि इतकी वर्षं हाताने विसरू दिली नाही.

हे तू मला दाखवायला पाठवलंस, की बघ, काय नेलंस. किंवा द्यायला पाठवलंस. मी दिवसभर उलटसुलट केलं, मला ठरवता आलं नाही. भिंगरीला विचारणार होते, मग वाटलं, हे तिच्या यंत्रात भरता येणार नाही. एकच कळतं. रागाने घातलेली घडी वाकडी पडते, आणि ही सरळ आहे.

आज सकाळी मी भिंगरीला म्हटलं, हे टेबल जरा ओढायला लाग. "कुठे?" मधे. "मधे कशाला, जाता-येता अडखळायला?" पण ओढलं तिने. पंख्याच्या बरोबर खाली. आता ती कॉलेजात गेलीय, मी खुर्ची घेऊन इथे बसलेय. छताकडे दोनदा बघून झालं. रेघा होत्या. त्या असतील आता, त्यांचं मी काय करणार? त्यांच्याखाली बसून लिहितेय.

खुर्च्या दोन आहेत. दुसरी भिंतीला होती, ती मीच ओढून आणली, पाय दुखेपर्यंत. समोर ठेवलीय.

— आई